पायाची मशीन

बेंजोचा सूर घुमवणारी जुनी इको मशीन गेली ती वेल्ह्यातल्या एका हळदीत, ऐन नवरदेव नाचायला उतरल्यावर. आधी जळक्या वायरचा वास आला आणि मग टेम्पोतून नुसता कोरडा बेंजो ऐकू यायला लागला. पत्र्यावर कुणी खिळा ओढावा तसा. नवरदेवाचा मामा नाचता नाचता थांबला, टेम्पोपाशी आला आणि म्हणाला, "काय वो, बेंजोला जेवू घातलं न्हाई काय आज?"

सगळे हसले. नूतनही हसली, पण तिचे कान तापले होते. बाळंतपणानंतरची तिची ही पहिलीच सुपारी.

मार्गासनीची मेंगाई बेंजो पार्टी तिच्या सासऱ्यांची, सर्जेरावांची. नवरा सोमनाथ ढोलकी-ताशाचे आवाज काढणारा इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवायचा. चुलतदीर अजित कीबोर्डवर असायचा, आणि टेम्पोच्या पुढच्या कोपऱ्यातली सगळी मशिनरीही तोच सांभाळायचा. बेंजो मात्र नूतनचा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या, हे तिला माहेरी, उत्रोलीत, वडिलांनी शिकवलं होतं. सर्जेराव तिला बघायला आले तेव्हा त्यांनी पोह्यांच्या आधी तिचा बेंजो ऐकला आणि पोहे न खाताच होकार दिला, असं सासूबाई, भामाबाई, अजून चारचौघींत सांगायच्या.

त्या हळदीहून टेम्पो परत निघाला. मार्गासनीचा फाटा आला तसे सर्जेराव म्हणाले, "उत्रोलीची जत्रा तोंडावर आलीया. ह्या अजितच्या कीबोर्डात बेंजोचा आवाज हाय. न्हाई मशीन लागत, न्हाई तारा तुटत. पोरगी ल्हान हाय तुजी. ऱ्हा की घरी सुखानं."

ते रागानं म्हणाले असते तर नूतनला बरं वाटलं असतं. त्यांनी मायेनं म्हटलं होतं. रागाला उत्तर देता येतं, मायेला काय देणार?

"मामा, नवी मशीन घेऊ," ती सासऱ्यांना म्हणाली. "उत्रोलीच्या जत्रेत माझा बेंजो ऐका. न्हाई जमला, तर मीच त्याला गवसणी घालून माळ्यावर ठेवते."

"बघ हां."

"बघितलंय."

सोमनाथनं अंधारात तिच्याकडं पाहिलं. तिच्या मांडीवर तान्ही मैना झोपली होती, मुठीत आईच्या पदराचा काठ घट्ट धरून.

*

कुमारचं दुकान भोरला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. स्पीकर, माईक, मिक्सर आणि उन्हाळ्यात पंखे. त्यानं तीन मशिनी काढून ठेवल्या होत्या.

पहिली होती रॅकची. काळी लोखंडी पेटी, आत एकावर एक सरकवून स्क्रूनं आवळलेली यंत्रं, आणि समोर हिरव्या-तांबड्या दिव्यांच्या रांगा. साताऱ्याकडच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची होती म्हणे. सर्जेरावांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बैल घ्यायला आलेल्या माणसासारखी.

"ही टेम्पोत लावली ना, तर म्होरल्या गावची मान्सं बघायला येतील."

"उचलायला दोघं लागत्यात, मामा," कुमार म्हणाला. "पण आवाज असा, की बास."

दुसरी टेबलावरची. पाटीएवढी, वर फिरवायच्या चकत्या आणि एक छोटा पडदा. घरात बसून गाणी रेकॉर्ड करणारी पोरं असली नेतात, असं कुमारनं सांगितलं. सोमनाथला ती पाहताक्षणी आवडली. पॅडशेजारी नेमकी बसली असती. "मी फिरवीन की तुझ्यासाठी," तो म्हणाला.

"तुमचे दोन्ही हात पॅडवर असत्यात. फिरवणार कुठल्या हातानं?"

"ते बघू."

तिसरी जमिनीवर ठेवायची, पायानं दाबायची. दिसायला अगदीच साधी. जाड पत्र्याची लांबट पट्टी, तिच्यावर तीन बटणं आणि कडेला एक पायटा. अजित म्हणाला, "ही वजनकाट्यासारखी दिसतीया."

नूतननं शालीत गुंडाळून आणलेला बेंजो सोडला. मैनेला सोमनाथच्या खांद्यावर दिलं. सर्जेराव प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. ऐकायचं म्हटलं की ते डोळे मिटायचेच.

आधी रॅक. अजित दिव्यांपुढं उभा राहिला. आवाज खरंच असा होता की दुकानाच्या दारात दोन माणसं थांबली. पण गाण्याची ओळ संपते तिथं शेवटचा सूर लांबवायला इको उघडावा लागतो, आणि अजितचा इको ओळ संपल्यावर यायचा. गेली दोन वर्षं तो तसाच यायचा, वरात पुढं गेल्यावर आलेल्या घोड्यासारखा. अजितचा दोष नव्हता. ओळ नूतनच्या बोटांत संपायची, त्याला ती कानांनी कळायची, तोवर उशीर.

मग टेबलाची. सोमनाथचा इको लवकर आला. तो सारखा डोळ्यांनी विचारत होता, आत्ता? आत्ता? त्याच्या त्या घाईचं नूतनला हसू आलं आणि सूर हुकला.

मग तिनं चपला काढल्या, तिसरी मशीन पायाशी ओढून घेतली आणि वाजवायला लागली. पहिलं बटण साधा आवाज, दुसरं इको, तिसरं नाचाचा फाडणारा आवाज. तिच्या वडिलांची एक जुनी धून होती, संथ सुरू होऊन मध्येच उसळी घेणारी. ओळ संपत आली, अंगठा आपसूक दुसऱ्या बटणावर गेला आणि सूर दुकानभर लांबत गेला. ना आधी, ना नंतर. तिला स्वतःलाच पाठीवर कुणी हात ठेवल्यासारखं झालं. इतकी वर्षं सूर तिचा असायचा आणि त्याचं पुढं काय करायचं ते दुसरं कुणीतरी ठरवायचं.

सर्जेरावांनी डोळे न उघडताच विचारलं, "ही कंची?"

"पायाची," कुमार म्हणाला.

"हीच बांध."

*

आणि मग नूतननंच घोळ घातला.

चार दिवसांवर पाडवा होता. गुढी उभी राहिली, घरात पाट मांडला आणि भामाबाईंनी सालाबादप्रमाणे पूजेसाठी वाद्यं मागितली. ताशा आला, पॅड आला, बेंजो आला. नूतनच्या मनात आनंद मावत नव्हता. तिनं नवी मशीन मऊ फडक्यानं पुसली आणि स्वतःच्या हातानं बेंजोशेजारी पाटावर ठेवली. तिला सगळ्यांच्या आधी हळदकुंकू लावलं, तीन बटणांवर तीन फुलं वाहिली. सर्जेरावांनी नारळ फोडला. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. सोमनाथनं तर मैनेचं डोकंसुद्धा मशीनला टेकवलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात तालीम. नूतन स्टुलावर बसली, बेंजो पुढ्यात घेतला, मशीन पायाशी ठेवली आणि पाय उचलला.

"ए पोरी! पाय!"

सर्जेराव ओसरीवरून धावतच आले. नूतनचा पाय तसाच अधांतरी राहिला.

"काल नारळ फोडला तिच्यापुढं. आज लाथ घालतीस?"

"अवो मामा, पण ती पायाचीच हाय. दुकानात तुमीच तर..."

"दुकानात ती मशीन व्हती. आता वाद्य झालं."

सगळ्यांनाच ते थोडंथोडं पटलं होतं. नूतनलाही. लहानपणी बेंजोला चुकून पाय लागला की वडील तिला तीनदा नमस्कार करायला लावायचे. तिनं उचललेला पाय हळूच जमिनीवर टेकवला आणि नकळत बोटं कपाळाला लावली.

"मग वाजवायचं कसं?" सोमनाथ म्हणाला.

सर्जेरावांनी खूप विचार केला. मग आतून स्वयंपाकघरातला स्टूल आणला, नूतनच्या उजव्या हाताशी ठेवला आणि मशीन उचलून त्याच्यावर बसवली. "हितं. हातानं दाब."

"हात कुठं मोकळा हाय, मामा?"

"कोपरानं दाब."

अजित तोंड फिरवून हसला. "वहिनी, भाकरी थापल्यावानी करा. जमंल."

*

जमलं नाही. विंझरच्या लग्नात पाठवणीची वेळ झाली. नवरी आईच्या गळ्यात पडली होती, बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या आणि नूतन हळवी धून वाजवत होती. ओळीच्या शेवटी इकोसाठी तिनं कोपर मारला, तो घसरून तिसऱ्या बटणावर पडला. नाचाचा फाडणारा आवाज मांडवभर असा काही फुटला की रडणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. कडेवरची दोन पोरं किंचाळली. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, रेडकू सुटलं काय?" आणि नवरी, डोळ्यांत पाणी तसंच ठेवून, खुदकन हसली.

सगळा मांडव हसला. सर्जेराव नाही हसले.

घरी आल्यावर डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावता लावता ते म्हणाले, "उत्रोलीला कीबोर्ड घ्या. बेंजो न्हाई."

"मामा, एकदा फक्त खाली ठेवून..."

"न्हाई म्हनलं ना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुजं काय चुकलं न्हाई, पोरी. पर माझ्यानं बघवत न्हाई त्ये."

नूतन आत गेली. मैनेला पाजताना तिनं स्वतःच्या पावलांकडं पाहिलं. चिखलात गेलेले, शेणात गेलेले, भेगाळलेले पाय. जोडवी झिजून बारीक झालेली. त्यांच्यात वाईट काय आहे, ते काही तिला दिसेना.

*

जत्रेच्या आदल्या दिवशी, दुपारी, घरात नूतन, भामाबाई आणि मैना या तिघीच होत्या. सोमनाथ आणि अजित टेम्पोचं बघायला भोरला गेले होते, सर्जेराव गावात. भामाबाई शिवणयंत्रावर गावातल्या कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होत्या. आढ्याला झोळी टांगलेली होती, झोळीत मैना. झोळीची दोरी नूतनच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हे तिचं रोजचंच. पाय ओढला की झोका, सोडला की झोका, आणि तेवढ्यात हात मोकळे राहतात. मेथी निवडायची, लसूण सोलायचा, नाहीतर बेंजो.

माळ्यावर जायच्या आधी एकदा, असं म्हणत तिनं बेंजो पुढ्यात घेतला. स्पीकरला न जोडता, मैना उठणार नाही एवढ्याच आवाजात, वडिलांची ती धून काढली.

थोड्या वेळानं शिवणयंत्र थांबलं. नूतनच्या ते ध्यानात आलं नाही. ती वाजवत राहिली.

"आगं," भामाबाई म्हणाल्या, "तुजा डावा पाय काय करतुया?"

नूतननं खाली बघितलं. उजवा पाय झोका देत होता, आणि डाव्या पायाचा अंगठा प्रत्येक ओळीच्या शेवटी जमिनीवर टेकत होता. जिथं मशीन असायला हवी होती तिथं. टेकायचा, उचलायचा, पुन्हा टेकायचा. बरोबर जागेवर.

"काय न्हाई, आत्या. सवय." ती ओशाळली.

"परत वाजव बरं."

तिनं वाजवलं. भामाबाई टक लावून पायांकडंच बघत राहिल्या. "बाई बाई! तू तर चारी हातानं वाजवतीस की गं." मग त्यांनी खाली आपल्या पायांकडं पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय शिवणयंत्राच्या जाळीदार लोखंडी पायट्यावर होते. समोर यंत्राच्या मानेवर पाडव्याच्या हळदकुंकवाचे डाग अजून तसेच होते. त्यांनी डागांकडं पाहिलं, मग पायांकडं, मग पुन्हा डागांकडं. आणि राहिलेली शिवण घालायला लागल्या.

संध्याकाळी सर्जेराव ओसरीवर चहाला बसले. भामाबाई बशी पुढं करत म्हणाल्या, "अवो, पाडव्याला ह्या शिवायच्या मशीनला हळदकुंकू कुनी लावलं?"

"तूच की. दर साली तूच लावतीस."

"आन् ही तुमची अंगातली बंडी म्या कशावर शिवली?"

"त्याच्यावरच."

"हातानं का पायानं?"

सर्जेरावांचा कप तोंडापाशीच थांबला. दाराआड भाकरी करणाऱ्या नूतनचा हातही थांबला.

"त्ये येगळं हाय," ते म्हणाले.

"काय येगळं? सांगा की. वर दोरा, खाली पाय. रोज सकाळी हात लावून पाया पडती आन् मग पाय ठेवती. सोमनाथची साळा त्याच पायावर झाली. तवा कधी म्हनला न्हाईत, भामे, लाथ घालू नगंस म्हणून."

"तू म्हंजे..."

"पाय म्हंजे काय निस्ती लाथच असती व्हय?"

सर्जेरावांनी घोट घेतला. "च्या गार झालाय," ते म्हणाले. कपातून वाफ निघत होती. भामाबाई आत येऊन नूतनच्या शेजारी बसल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. करपायला लागली होती.

*

उत्रोलीत देवळापुढं पताका लागल्या होत्या, गुळाच्या शेवेची आणि खेळण्यांची दुकानं बसली होती. नूतन मैनेला कडेवर घेऊन भामाबाईंसोबत टेम्पोतून उतरली. तिनं बेंजो आणला होता, पण गवसणीत. का आणला ते तिलाही सांगता आलं नसतं. देवळाच्या ओट्यापाशी तिचे वडील, चिमाजी, धुतलेला सदरा घालून उभे होते. त्यांनी लांबूनच हाताची बोटं हलवून विचारलं, वाजवणार ना? तिनं मान दुसरीकडं वळवली.

टेम्पोवर अजितनं कीबोर्ड लावला. सोमनाथनं पॅड जुळवला, पण त्याचं लक्ष सगळं बापाकडं होतं. सर्जेराव टेम्पोत चढले. मागच्या बाजूला तो स्वयंपाकघरातला स्टूल होता, त्यावर मशीन. त्यांनी मशीन उचलून बाजूला ठेवली. स्टूल उचलला आणि खाली भामाबाईंपुढं आणून आपटला.

"तू बस ह्याच्यावर. गुडघं दुखत्यात ना तुजं."

मग पुन्हा वर चढले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी टेम्पोची फळी झाडली, पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत. टॉवेल झटकला, दुहेरी घडी घालून खाली अंथरला आणि त्यावर मशीन ठेवली. जरा डावीकडं सरकवली. लांबून बघितली. मग पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि टेम्पोच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले.

"नूतन."

"जी?"

"चपला काढ. पाय धू, आन् वर ये."

ती बघतच राहिली. त्यांनी तांब्या पुढं केला, पण चेहरा पताकांकडं ठेवला. "बघतीस काय? लोकं थांबल्यात."

भामाबाईंनी मैनेला तिच्या कडेवरून ओढूनच घेतलं. नूतननं पाय धुतले. पाणी थंडगार होतं. वर चढून ती मशीनपुढं वाकली, दोन्ही हात लावून कपाळाला टेकवले आणि बसली. सोमनाथनं वायर जोडली.

अजित कीबोर्डचा आवाज बारीक करत म्हणाला, "वहिनी, कोपर सांभाळा हां." पण त्याच्या बोलण्यात आता टोचणी नव्हती.

तिनं वडिलांचीच धून घेतली. संथ, देवळाच्या दारात उभं राहून हाक मारावी तशी. पहिली ओळ संपत आली. अंगठा खाली गेला. ओल्या पावलाखाली बटण टक्क झालं आणि शेवटचा सूर स्पीकरमधून निघून देवळाच्या कळसापर्यंत गेला, तिथून परत आला, तोवर दुसरी ओळ त्याच्या अंगावर अलगद पडली. गर्दीतलं बोलणं हळूहळू थांबलं. शेव तोलणाऱ्यानं तराजू तसाच धरून ठेवला. चिमाजींनी मात्र मान हलवायला सुरुवात केली होती, लहानपणी तिला शिकवताना हलवायचे तशीच, "हां, हां, आता" म्हणत.

आणि आता उसळी. तिचा पाय तिसऱ्या बटणावर गेला, सोमनाथचा पॅड तिच्यासोबत उडाला, आणि देवळापुढची सगळी पोरं एकदम नाचायला लागली. पोरांमागून बाप्ये. बाप्यांमागून, पदर खोचून, तिच्या माहेरच्या बायका.

सर्जेराव टेम्पोला टेकून उभे होते. डोळे मिटलेले. मध्येच त्यांनी एक डोळा उघडला, खाली तिच्या पायाकडं पाहिलं आणि पुन्हा मिटला.

धून संपली तेव्हा नूतनला दम लागला होता. अजित वाकून म्हणाला, "वहिनी, माझ्या कीबोर्डालापण त्यो इको जोडता येईल का वो?"

"येईल की. पण पाय माझाच."

भामाबाई गर्दीतून मैनेला घेऊन आल्या. मैना आजीच्या कडेवर दोन्ही पाय जोरजोरात झाडत होती. "बघ, हिलापण मशीन पायजे," भामाबाई म्हणाल्या, आणि मग नूतनच्या पावलाकडं वाकून बघत, "आगं, जोडव्यापाशी कुंकू लागलंय तुज्या."

पाडव्याचं कुंकू, दुसऱ्या बटणाच्या खाचेत राहिलेलं. ओल्या अंगठ्याला लागलं होतं.

"पुसू, का ऱ्हाऊ दे?" नूतननं विचारलं.

उत्तर सर्जेरावांनीच दिलं, डोळे मिटूनच. "ऱ्हाऊ दे. आन् ती मघाची पयली ओळ परत घे. त्ये कळसावरनं आलं ना, त्ये."

तिनं नखी धरली आणि पाय बटणावर तयार ठेवला.